थेंब की कवच?

अणुकेंद्रकातले प्रोटॉन एकमेकांना ढकलतात, तरी ते फुटत का नाही? केंद्रकीय बलामुळे! पण त्याची पोच जेमतेम 2-3 फर्मी, म्हणून प्रत्येक कण शेजाऱ्यांनाच धरतो, पाण्याच्या थेंबातल्या रेणूसारखा. विद्युत प्रतिकर्षण मात्र सगळ्याच प्रोटॉनांत चालतं. त्यामुळे युरेनियमचा मोठा थेंब न्यूट्रॉनच्या धक्क्याने ताणला जाऊन दुभंगतो (बोर आणि व्हीलर, 1939). मला हे मॉडेल जाम आवडतं. पण कथिलाची तब्बल 10 स्थिर समस्थानिकं का, हे थेंबाला सांगता येत नाही. 50 प्रोटॉन म्हणजे भरलेलं कवच, हे 1949 मध्ये मारिया गोपर्ट-मायर यांनी आणि स्वतंत्रपणे येन्सेन व सहकाऱ्यांनी दाखवलं. मग इतक्या गर्दीत कण न आदळता आपापल्या कक्षेत फिरतात कसे? पाउलीच्या नियमामुळे! खालच्या जागा आधीच भरलेल्या, टक्कर होऊन जाणार कुठे?