बी.कॉम. झालेल्या मुलाला बाजार काय विचारतो?

गेल्या ईदनंतरची गोष्ट आहे. आमच्या भिवंडीच्या दुकानावर मोहल्ल्यातील एक तरुण फाईल घेऊन आला. बी.कॉम., प्रथम श्रेणी. "चाचा, काहीही काम द्या, करीन," असे म्हणाला. आम्ही त्याच्यापुढे ग्रे कापडाच्या खरेदीची तीन बिले ठेवली आणि विचारले, "बेटा, यांपैकी कोणत्या बिलावरचा जीएसटी आपल्याला वजा मिळेल?"

मुलगा बिलांकडे पाहत राहिला. एका बिलावर आमच्या जीएसटी क्रमांकातील एक आकडा चुकला होता. दुसरे ज्या पार्टीचे होते तिने विवरणच भरले नव्हते. तिसरे बरोबर होते. जीएसटीच्या पेपरात त्याला चांगले गुण होते, कलमे पाठ होती. पण खरे बिल त्याने त्या दिवशी पहिल्यांदा हातात घेतले. आम्ही त्याला परत पाठवले नाही, का ते पुढे येईल.

आपल्या घरांत आता पदवीधर मुले दिसू लागली आहेत, ही आनंदाची बाब आहे. २००६ च्या सच्चर समितीच्या अहवालात वीस वर्षांवरील मुसलमानांत पदवीधर किंवा पदविकाधारक चार टक्क्यांहूनही कमी आढळले होते. आज आमच्या गल्लीतच मोजायला बसलो तर बोटे पुरत नाहीत. पण पदवी घेऊन घरी बसलेलेही त्याच गल्लीत आहेत, आणि देशभरातील सरकारी पाहण्याही हेच दाखवतात की बेकारीचे प्रमाण निरक्षरांपेक्षा पदवीधरांत जास्त आहे. मग आई-वडील म्हणतात, शिकून काय मिळाले? हा प्रश्न चुकीचा आहे असे आम्हाला वाटते. विचारायचे ते हे की बाजारात कोणते काम अडून पडले आहे आणि ते आपल्या मुलाला येते काय.

आमच्या बाजारात काय अडते, ते आम्ही नुकसान सोसून शिकलो. आम्ही उर्दू माध्यमात दहावीपर्यंत शिकलो आणि वालिद साहेबांच्या गादीवर बसलो. रोजमेळ, खातेवही, उधारीची चोपडी एवढ्यात सारा हिशेब मावत असे. १ जुलै २०१७ ला जीएसटी आला. २०१९ मध्ये एका पार्टीकडून आम्ही माल घेतला, करासह पूर्ण रक्कम चेकने दिली, पक्के बिल घेतले. त्या पार्टीने तो कर सरकारात भरलाच नाही. कायद्याची अट अशी की विकणाऱ्याने कर भरलेला असेल तरच घेणाऱ्याला तो वजा मिळतो. पोर्टलवर इंग्रजीत नोटीस आली, ईमेलही आला. पण तो ईमेल सल्लागाराच्या मुलाने काढून दिलेला, आम्ही कधी उघडलाच नव्हता. एक लाख चाळीस हजार रुपये दुसऱ्यांदा भरले, व्याज वेगळे. त्या साली दुकानावर एखादा जाणता मुलगा पंधरा हजारांवर ठेवला असता तर वर्षाचा बराचसा पगार यातच निघाला असता.

त्यानंतर नियम आणखी कडक झाले. १ जानेवारी २०२२ पासून, विकणाऱ्याने आपल्या विवरणात बिल दाखवले आणि ते आपल्या जीएसटीआर-२बी या तक्त्यात उमटले, तरच कर वजा घेता येतो. दरमहा विवरण भरणाऱ्यांना हा तक्ता १४ तारखेला मिळतो आणि आपले विवरण २० तारखेपर्यंत भरायचे असते. म्हणजे मध्ये सहा दिवस. या सहा दिवसांत खरेदीची वही आणि तक्ता समोरासमोर ठेवून एकेक बिल जुळवायचे, जे दिसत नाही त्या पार्टीला फोन करायचा, चुकलेला क्रमांक दुरुस्त करून घ्यायचा. हे काम सल्लागाराच्या कार्यालयात होत नाही, कारण पार्टीला ओळखतो तो दुकानदार. ते दुकानावरच करावे लागते आणि करणारा माणूस सापडत नाही. बी.कॉम. झालेल्या मुलाने टॅली आणि एक्सेल नीट शिकून फक्त ही जुळवणी हातात बसवली तरी चार दुकाने त्याला बोलावतील. आमच्या ओळखीत एक मुलगी घरी बसून पाच दुकानांची बिले जुळवते. तिला बाजारात यावेही लागत नाही.

दुसरे अडलेले काम उधारीचे. कापडाच्या धंद्यात नव्वद दिवसांची उधारी ही रीतच. पण २०२४-२५ या करनिर्धारण वर्षापासून आयकर कायद्यात ४३ब(ह) हे कलम लागू झाले. उद्यम नोंदणी असलेल्या सूक्ष्म किंवा लघु उत्पादकाकडून माल घेतला तर लेखी करार असल्यास जास्तीत जास्त ४५ दिवसांत आणि करार नसल्यास १५ दिवसांत पैसे द्यावे लागतात. मुदत टळली आणि ३१ मार्चपर्यंतही रक्कम दिली नाही, तर त्या वर्षी ती खर्चात धरली जात नाही. जेव्हा द्याल त्या वर्षी धरली जाईल. विकणारा निव्वळ व्यापारी असेल तर हा नियम लागत नाही. मग कोणती पार्टी कारखानदार, कोणती व्यापारी, कोणाची नोंदणी आहे, कोणाचे दिवस भरत आले, याची यादी कोण ठेवणार? वर दरही बदलत राहतात. २२ सप्टेंबर २०२५ पासून मानवनिर्मित सुतावरील कर बारावरून पाचावर आला, आणि अडीच हजारांपर्यंतच्या तयार कपड्यांनाही पाच टक्के लागला. अशी बातमी वाचून दुसऱ्या दिवशी बिलात योग्य दर टाकणारा मुलगा आम्हाला पदवीच्या टक्केवारीपेक्षा मोलाचा वाटतो.

आता कापडाकडे वळू, कारण यात आपल्या कारागिरांच्या मुलांचा हात कोणी धरू शकत नाही. यंत्रमागावर वाढलेल्या मुलाला तुटलेला ताणा, सुटलेला बाणा, तेलाचा डाग हे लांबून दिसते. त्याच्याजवळ नसते ते हे दोष कागदावर मांडण्याचे ज्ञान. निर्यातदार आणि मोठे खरेदीदार चार-गुण पद्धतीने माल तपासतात. तीन इंचांपर्यंतच्या दोषाला एक गुण, सहापर्यंत दोन, नऊपर्यंत तीन, त्यावर चार. एका वारात चारापेक्षा जास्त धरत नाहीत. एकूण गुणांना ३६०० ने गुणून, पन्ह्याचे इंच आणि लांबीचे वार यांच्या गुणाकाराने भागले की शंभर चौरस वारांमागचे गुण मिळतात. ४४ इंची कापडाच्या शंभर वारांत २० गुण निघाले तर हिशेब सोळाच्या थोडा वर जातो, आणि पुष्कळ खरेदीदार चाळीसपर्यंत माल पास करतात. आता समजा दलाल म्हणतो, "माल खराब आहे, भाव तोडा," आणि मुलगा हा कागद पुढे ठेवतो. आम्ही उमेदीची सगळी वर्षे दलालाच्या तोंडाकडे पाहण्यात घालवली! शंभर चौरस सेंटिमीटरचा तुकडा कापून ग्रॅममध्ये तोलला आणि शंभराने गुणला की कापडाचे जीएसएम निघते. एवढेही आमच्या पिढीला कोणी सांगितले नव्हते. ज्यांना पुढे शिकायचे आहे त्यांच्यासाठी वरळीची सासमिरा आणि इचलकरंजीची डीकेटीई या वस्त्रोद्योगातील जुन्या संस्था आहेत.

भाषेबद्दल थोडक्यात. आपली मुले उर्दू बोलतात, मराठीही बोलतात, पण वीज कंपनीला वीजबिलाच्या तक्रारीचे पत्र लिहायचे म्हटले की पेन थांबते. मराठीत एक पानाचा अर्ज आणि इंग्रजीत पाच ओळींचा ईमेल रोज लिहून सराव करावा. उर्दू सोडायची गरज नाही.

आता आपल्याच लोकांविषयी. आमच्या बाजारात मुलाला 'शिकतोय' म्हणून दोन-दोन वर्षे जेवणावर आणि ईदच्या कपड्यांवर राबवतात. आम्हीही हे केले आहे. असा एक होतकरू मुलगा आमच्याकडून निघून शहराबाहेरच्या एका गोदामात संगणकावर मालाची नोंद ठेवायला गेला. तिथे त्याला पगार आणि प्रॉव्हिडंट फंड दोन्ही मिळतात, आणि परत ये म्हणायला आम्हाला तोंड नाही. कायद्याने वाट दिलेली आहे. शिकाऊ उमेदवार कायदा १९६१ चा. २०१४ च्या दुरुस्तीने बिगर-अभियांत्रिकी पदवीधरांनाही त्यात जागा मिळाली. तीस किंवा त्याहून अधिक माणसे असलेल्या आस्थापनेला उमेदवार घेणे बंधनकारक आहे, चार ते एकोणतीस असलेल्यांना ऐच्छिक. पदवीधराच्या ठरलेल्या किमान विद्यावेतनातील निम्मा भाग केंद्र सरकार भरून देते. नोंदणी ऑनलाईन आहे, आणि तीही ज्याला करता येते असा मुलगा लागतो, हे आमच्या लक्षात आले आहे.

तो फाईलवाला तरुण आता आमच्याकडेच आहे. पहिले चार महिने त्याला अर्धा दिवस सल्लागाराच्या कार्यालयात बसवले आणि पगार आम्ही पूर्ण दिला. गेल्या १४ तारखेला त्याने संध्याकाळी दुकानावर येऊन सांगितले, "चाचा, दोन पार्ट्यांची बिले तक्त्यात नाहीत, त्यांचे पेमेंट थांबवा." एका पार्टीला त्याने स्वतः फोन केला, तिचे बिल चढले. दुसरी पार्टी आमच्या व्याह्यांची आहे. त्यांना फोन त्याने करायचा की आम्ही, हे अजून ठरलेले नाही.