पेटायला आळशी, झोंबायला तत्पर

भाचेराव, अमोनियावर चालणाऱ्या जहाजावर तुझी फोर्थ इंजिनियर म्हणून नेमणूक झाली हे ताईनं फोनवर सांगितलं, आणि लगेच आवाज खाली आणून विचारलं, "ते विषारी असतं ना रे?" असतं. माझी सगळी नोकरी जड तेलाच्या काळ्या राड्यात गेली, अमोनियाचं इंजिन मी चालवलेलं नाही. पण बोटीवर जाण्याआधी दोन वर्षं रत्नागिरीत बर्फाच्या कारखान्यात होतो, तिथे या अमोनियानं माझे कान पुष्कळ पिळलेत. आता तो कॉम्प्रेसरमधून उठून सिलिंडरमध्ये शिरतोय, एवढंच.

१. हे इंधन आळशी आहे, हे आधी मनात धर. डिझेल सव्वादोनशे-अडीचशे अंशांच्या आसपास आपोआप पेटतं, याला ६५१ लागतात — म्हणून सिलिंडरमध्ये आधी डिझेलचा छोटा फवारा, म्हणजे पायलट, पेटवावा लागतो. झोपाळू जावयाला मेहुणीनंच उठवावं.

२. पायलटच्या इंजेक्टरला धाकटा समजून मागे टाकू नकोस — तो ठिबकला किंवा चुकला, की न जळलेला अमोनिया थेट धुराड्याची वाट धरतो.

३. 'टाकी अर्धी आहे, पोचू' हा जुना अंदाज घरी ठेवून जा. डिझेलच्या एका लिटरचं काम करायला अमोनिया जवळजवळ तीन लिटर लागतो.

४. पितळ, तांबं, जस्त अमोनियाच्या वाऱ्यालाही ठेवू नकोस. कारखान्यात एकदा लोखंडी कॉक मिळेना म्हणून मी पितळी बसवला, 'दोन दिवसांचाच प्रश्न' म्हणत. दोन दिवसांत तो निळाहिरवा झाला, आठवड्यात चिरला आणि अख्खी पाळी डोळे चोळत रस्त्यावर. तात्पुरता कॉक कायमची आठवण देतो.

५. ओ-रिंगांचे डबे वेगळे ठेव आणि वर ठळक नावं घाल — व्हायटॉन बायोडिझेलमध्ये छान राहतं पण अमोनियात खराब होतं, ईपीडीएम अमोनियात टिकतं पण तेलात फुगतं. दोन्ही काळ्या, दोन्ही गोल, आणि रात्री तीन वाजता दोन्ही सारख्याच दिसतात.

६. अमोनियात हजारी दोन भाग पाणी दिसलं तर भेसळ म्हणून ओरडू नकोस — ते मुद्दाम घालतात, नाहीतर टाकीच्या पोलादाला ताणाच्या जागी बारीक तडे जातात.

७. नाक चौकीदार चांगला, पण पगार मिळाला की झोपणारा. वास सुरुवातीला झटकन कळतो, मग नाक सरावतं — म्हणून मीटर बघ. आठ तासांच्या कामाला २५ पीपीएम ही मर्यादा, आणि ३०० म्हणजे जिवाशी गाठ.

८. गेजचं शून्य म्हणजे पाइप रिकामा नव्हे! उणे ३३ अंशांवर अमोनिया साध्या हवेच्या दाबाला द्रवरूपात शांत पडून राहतो, काटा शून्यावर, आणि तू पाना लावतोस. नायट्रोजननं पाइप धुऊन, मीटरनं खात्री करूनच जोड सोड. यातलं काही घाईत उरकावंसं वाटलं तर आधी चहा पिऊन ये.

९. अमोनिया हवेपेक्षा हलका, म्हणून वर जाईल, असं पुस्तक सांगतं. गळती थंड असली की दमट हवेत पांढरं धुकं होऊन तो पायांशी सरपटतो — वाऱ्याला आडवा चालत बाहेर पड, खाली वाकू नकोस. ढगावर पाण्याचा फवारा मार, सांडलेल्या द्रवावर मात्र नको. पाण्याच्या उबेनं तो आणखी उकळतो.

१०. "आमच्या इंधनात कार्बनच नाही" अशी मिशी पिळू नकोस. जळण बिघडलं तर धुरात नायट्रस ऑक्साइड येतो, आणि तो शंभर वर्षांच्या हिशेबात कार्बन डायऑक्साइडच्या २७३ पट तापवतो — धुराचे आकडे रोज लिही, सही करण्यापुरते नव्हे.

११. पायलटच्या टाकीत बायोडिझेलची भेसळ येणार असेल तर फिल्टर जास्तीचे मागव — बायोडिझेल टाकीच्या भिंतीवरचा वर्षानुवर्षांचा गाळ सोडवून आणतं, आणि पाणीही धरून ठेवतं, म्हणून तळाचं पाणी रोज काढ. दोन बंदरांतली तेलं एकत्र करण्याआधी बाटलीत थोडी मिसळून बघ. मी न बघता मिसळली होती. प्युरिफायर डांबरासारख्या चिखलानं भरला आणि दिवाळी मी खरवडण्यात घालवली. दूध चांगलं, ताक चांगलं, एका पातेल्यात नको.

१२. जुन्यांना हसू नकोस. १९०० साली पॅरिसच्या प्रदर्शनात डिझेलचं इंजिन शेंगदाण्याच्या तेलावर चाललं, १९४३ मध्ये युद्धात डिझेल मिळेना तेव्हा बेल्जियममध्ये बसगाड्या अमोनियावर धावल्या, सोबतीला कोळशाचा गॅस जाळून. जपानची 'साकिगाके' टग त्याच वाटेनं २०२४ मध्ये आली. तुझा चीफ 'हे सगळं नवीन आहे' म्हणाला तर मान डोलाव, वाद नको.

१३. चष्मा लाव, कॉन्टॅक्ट लेन्स घरी ठेव. डोळ्यांत गेलं तर चोळू नकोस, पंधरा मिनिटं सलग पाणी घे — आणि तेव्हा तुला काही दिसणार नाही. म्हणून पहिल्याच संध्याकाळी तुझ्या नेहमीच्या जागेपासून शॉवरपर्यंत डोळे मिटून चालून बघ, कुणी हसलं तर हसू दे. किती पावलं झाली ते मला कळव. ताईला सांगू नकोस.