तीन कारागीर

'लॉर्ड ऑफ द रिंग्ज'चे तिन्ही सिनेमे (२००१, २००२, २००३) न पाहिलेला माणूस होस्टेलमध्ये सापडणं कठीण. परीक्षेच्या आदल्या रात्रीही ते पाहणारे महाभाग आपल्यात आहेत! त्या कथेत सारखा कुठल्यातरी फार जुन्या काळाचा उल्लेख येतो. तो काळ नेमका कोणता, हे 'द सिल्मारिलियन' या पुस्तकात आहे.

लेखक जे. आर. आर. टॉल्कीन (१८९२-१९७३) हे ऑक्सफर्डला प्राध्यापक. पहिल्या महायुद्धात, १९१६ साली, ते सॉमच्या लढाईतून तापाने आजारी होऊन परतले आणि त्याच सुमारास या पुराणकथा लिहायला लागले. त्यांची पद्धत उलटी होती. त्यांनी फिनिश आणि वेल्शच्या धर्तीवर आधी भाषा रचल्या आणि मग त्या बोलणाऱ्यांसाठी जग तयार केलं. लेखन आयुष्यभर चाललं, पण संपलं नाही. शेवटी मुलगा क्रिस्टोफर याने ते संपादित करून १९७७ मध्ये प्रकाशित केलं.

या जगाचा आरंभ संगीताने होतो. इलूवातार हा आदिपुरुष. तो 'आयनूर' नावाच्या दिव्य शक्तींना एक धून देतो आणि त्यांच्या गाण्यातून सृष्टीचा आराखडा तयार होतो. आता यातले तीन कारागीर पाहू.

पहिला मेल्कोर, आयनूरांमध्ये सर्वांत सामर्थ्यवान. त्याला दिलेली धून नको होती, स्वतःचीच हवी होती. तो बेसूर गायला लागला. पण इलूवातारने त्याचे बेसूरही मोठ्या रचनेत सामावून घेतले. मेल्कोरने पाण्यावर कडाक्याची थंडी सोडली, तर त्यातून हिम झालं. अतोनात उष्णता सोडली, तर ढग झाले. थर्मोडायनॅमिक्सवाल्यांनी हे लक्षात ठेवावं!

दुसरा आऊले, म्हणजे लोहार. आपली विद्या शिकवायला शिष्य हवेत म्हणून त्याला धीर धरवेना. त्याने डोंगराखाली गुपचूप सात बुटके घडवले. इलूवातारने विचारलं, हे का केलंस? तू हलवशील तेव्हाच ही हलणार. आऊलेने चूक कबूल केली आणि स्वतःच्या हाताने त्यांना मोडायला हातोडा उचलला. तेवढ्यात ते बुटके घाबरून मागे सरले. म्हणजे त्यांच्यात जीव आला होता! इलूवातारने ती भेट स्वीकारली होती.

तिसरा फेआनोर, एल्फ जमातीचा सर्वांत कुशल कारागीर. तेव्हा सूर्य-चंद्र नव्हते. उजेड होता दोन झाडांचा. तो उजेड त्याने तीन रत्नांत साठवला. तीच सिल्मारिल. पुढे मेल्कोरने एका राक्षसी कोळिणीच्या मदतीने ती झाडं मारली. रत्नं फोडली तर झाडं पुन्हा जगवता येतील, असं याव्हाना देवी म्हणाली. फेआनोर म्हणाला, नाही.

गंमत अशी, की तेवढ्यात बातमी आली: मेल्कोरने फेआनोरच्या वडिलांना मारून रत्नं केव्हाच पळवली होती. म्हणजे 'हो' म्हटलं असतं तरी झाडं वाचली नसती. मग त्या 'नाही'ने काय बिघडलं? बिघडला तो फेआनोर. त्याने सात मुलांसह रत्नांसाठी शपथ घेतली, जहाजांसाठी आपल्याच भाईबंदांचं रक्त सांडलं आणि शेकडो वर्षांची युद्धं ओढवून घेतली. शेवटी एक रत्न आकाशात गेलं, एक पृथ्वीच्या आगीत, एक समुद्रात. घराण्याच्या हाती एकही राहिलं नाही.

आऊले आणि फेआनोर, दोघांनाही आपल्या कामावर जीवापाड प्रेम. फरक एवढाच, की आऊलेची मूठ उघडी होती.

हे वाचताना मला माझा मिनी प्रोजेक्ट आठवला. सर्किट मी बनवलं होतं, म्हणून ग्रुपमधल्या कोणालाही हात लावू दिला नाही. सबमिशनच्या आदल्या रात्री ते बंद पडलं. मला तापाने उठवत नव्हतं आणि बाकी तिघांना त्यातलं ओ की ठो माहीत नव्हतं. व्हायवात चौघेही गप्प. सर रागावले नाहीत, एवढंच म्हणाले, "हे तुझं होतं की तुमचं?"

आपण सगळे उद्याचे कारागीर. काहीतरी सुंदर घडवू, त्याचा अभिमानही वाटेल, वाटावाच. पण कोणी एक दिवस "दे" म्हणेल, तेव्हा आपण काय म्हणणार, याचा विचार आत्ताच केलेला बरा.