‘डाग लागलेत’ एवढ्यावर कोड देता येत नाही

आधी पुण्यात अमेरिकी रुग्णालयांच्या केसेसमधल्या निदानांना कोड द्यायचे, आता बुलढाणा जिल्ह्यातल्या एका रुग्णालयात नोंदींचं काम पाहते. तिथला कागद टाइप केलेला असायचा, इथला हातानं लिहिलेला असतो. पण दिवस गेल्यावर पहिल्या काही महिन्यांत रक्तस्राव होऊन आलेल्या बाईच्या कागदावर जे राहून जातं, ते दोन्हीकडे तेच. नव्या सिस्टरना आणि शिकाऊ डॉक्टरांना मी जे पुन्हा पुन्हा सांगते, ते असं.

१. सगळ्यांत आधी आठवडे लिहा. आपल्याकडची बाई तारीख सांगत नाही. ‘पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी पाळी आलती’, ‘सोयाबीन सोंगायला लागलो तवा’ असं सांगते. ही माहिती पक्की असते. ‘तारीख आठवत नाही’ लिहून मोकळं होऊ नका. भिंतीवरचं कॅलेंडर काढा, तिच्याबरोबर बसून तारीख लावा. सोनोग्राफीत आलेले आठवडे वेगळे लिहा, दोन्ही जुळत नसतील तर तसंही लिहा. सहाव्या आठवड्यात बाळाचे ठोके न दिसणं आणि नवव्या आठवड्यात न दिसणं यांचा अर्थ एक नाही. कोडही आठवड्यांवर ठरतो. अमेरिकेत २०१५ पासून वापरात असलेल्या आयसीडी-१० या निदानांच्या कोडयादीत वीस आठवडे पूर्ण होण्याआधीचा रक्तस्राव ‘ओ २०’ मध्ये जातो, त्यानंतरचा ‘ओ ४६’ मध्ये.

२. आज जे दिसलं, तेच आज लिहा. ‘अंगावरून जातंय’ हे एकच वाक्य घेऊन पाच बायका येतात आणि पाचजणींचं निदान वेगळं निघतं. ठोके आहेत, गर्भाशयाचं तोंड बंद आहे, डॉक्टरांनी थ्रेटन्ड अबॉर्शन लिहिलंय: ओ २०.०. आपोआप गर्भपात झाला: ओ ०३, आणि त्यात अपुरा की पूर्ण हे पाहावं लागतं. गर्भ आतच दगावलाय पण बाहेर पडलेला नाही: ओ ०२.१. गर्भ नळीत आहे: ओ ००.१. द्राक्षगर्भ: ओ ०१. कारण कुठंच लिहिलेलं नसेल, तर कोडरकडं ओ २०.९ उरतो, म्हणजे ‘रक्तस्राव, कारण नमूद नाही’. सोनोग्राफीचा रिपोर्ट फाइलला जोडलेला असला तरी त्यावरून कोडरनं स्वतः निदान काढायचं नसतं. ते डॉक्टरांच्या हातानं केसपेपरवर यावं लागतं. सकाळी थ्रेटन्ड म्हणून भरती झाली आणि त्याच भरतीत गर्भ पडला, तर शेवटचा कोड ओ ०३ चा. म्हणून डिस्चार्ज कार्डावर पहिल्या दिवसाचं निदान तसंच उतरवू नका.

३. ‘ब्लीडिंग प्लस प्लस’ याला मोजमाप म्हणत नाहीत. किती वेळात किती पॅड भिजले, गुठळ्या होत्या का, मांसासारखा तुकडा पडला का, नाडी किती, बीपी किती, गर्भाशयाचं तोंड उघडं की बंद, दुखतंय कुठं, आणि प्रत्येकापुढे वेळ. मोताळ्याहून निघालेली बाई राजूर घाट चढून बुलढाण्याला येते. संग्रामपूर, जळगाव जामोदकडची खामगावला जाते, तिथून कधी अकोल्याला. वाटेत तिला तपासणारी माणसं बदलतात. निघताना बीपी ११० होतं की ९० हे चिठ्ठीवर नसेल, तर पोहोचल्यावरचं ९० हे खाली आलेलं आहे की तिचं नेहमीचंच आहे, हे पुढच्या डॉक्टरला कसं कळणार? नळीतला गर्भ फुटलेला असेल तर रक्त पोटात साचतं, बाहेर थोडेसे डागच दिसतात. अशा वेळी रेफर चिठ्ठीवर नुसतं ‘पुढील उपचारासाठी’ लिहून पाठवणं मला मुळीच पटत नाही. गाडी थांबलेली असली तरी चार आकडे लिहायला मिनिटभर पुरतं.

४. रक्तगट लिहा. निगेटिव्ह असेल तर अँटी-डी दिलं का आणि कधी, किंवा गरज नाही असं कुणी ठरवलं, तेही लिहा. हे इंजेक्शन ७२ तासांच्या आत द्यायचं असतं, त्यामुळे रक्तस्राव कधी सुरू झाला ती वेळ इथंही लागते.

५. कायद्याचे कागद एकमेकांत मिसळू नका. गरोदर बाईची सोनोग्राफी केली की गर्भलिंगनिदानाविरुद्धच्या कायद्यातला एफ फॉर्म आलाच, आणि त्यातल्या कारणांच्या यादीत योनिमार्गे रक्तस्राव आहे. ते कारण आणि केसपेपर जुळले पाहिजेत. फॉर्म अर्धवट भरणं हा गुन्हाच आहे, आणि २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयानंही ही तरतूद कायम ठेवली. डॉक्टर यावर कुरकुरतात. पण २०११ च्या जनगणनेत आपल्या जिल्ह्यात सहा वर्षांपर्यंतच्या हजार मुलांमागे ८५५ मुली होत्या. इथं तरी ही सक्ती मला योग्य वाटते.

गर्भपाताची नोंदवही वेगळी. १९७१ च्या गर्भपात कायद्याखाली केलेला गर्भपात तिच्यात जातो आणि ती गोपनीय असते. आपोआप पडून अर्धवट राहिलेल्या गर्भासाठी पिशवी साफ केली, तर ते तिच्यात लिहायचं नाही. ‘क्युरेटिंग केलं’ एवढंच लिहिलं की हा फरक पुसला जातो. मग आपोआप पडलेल्या गर्भाबद्दल नातेवाईक त्या बाईला ‘तूच पाडलंस का’ म्हणून विचारतात. तिचं नुकतंच मूल गेलेलं असतं. त्यात एका शब्दाच्या आळसापायी तिच्यावर हा आळ यावा, हे मला सहन होत नाही.

६. ‘जी ३ पी १ एल १ ए १’ (तिसरं गर्भारपण, एक बाळंतपण, एक जिवंत मूल, एक गर्भपात) मधला ‘ए’ उलगडून लिहा. आपोआप पडलेलं, पाडलेलं, अनेकदा नळीतलं गर्भारपणही त्या एका अक्षरात जातं. पुढच्या वेळी दिवस गेल्यावर कोणती तपासणी कधी करायची, हे त्यावर ठरतं. आधी नळीत गर्भ राहिलेला असेल, तर पाळी चुकल्याबरोबर लवकर सोनोग्राफी करावी लागते. ‘ए १ – नळीतला गर्भ, उजवी नळी काढली, साल अमुक’ एवढं लिहायला अर्धी ओळ लागते.

७. घरी जाणाऱ्या कागदावरही हेच सगळं हवं. माता-बाल संरक्षण कार्ड तिच्या पिशवीत असतं, ते मागून घ्या आणि निदान, आठवडे, रक्तगट त्यावर उतरवा. गावातल्या आरोग्यसेविकेला कळवा, म्हणजे तिच्या यादीत ती बाई गरोदर म्हणून चालू राहत नाही आणि सातव्या महिन्यात आशाताई बाळंतपणाची तारीख विचारायला तिच्या दारात जात नाहीत.