आठ कलांची चूक

चूक आणि असत्य ही दोन सख्खी भावंडे आहेत असे आपण पुष्कळदा धरून चालतो. वस्तुतः त्यांच्यात फार मोठे अंतर आहे. सत्य शोधण्यास निघालेल्या माणसाकडून चूक होते. असत्याची कास धरणारा मात्र त्या वाटेला कधी जातच नाही. म्हणून चुकणे हा सत्याचा द्रोह नव्हे. चूक दिसूनही ती न दिसल्यासारखे करणे, हा मात्र खचित द्रोह होय. हा भेद मनात ठसावा म्हणून खगोलशास्त्राच्या इतिहासातील एक प्रसंग आपण येथे पाहू.

योहानेस केप्लर हा जर्मन गणिती 1600 साली प्राग येथे टायको ब्राहे या थोर वेधकाराकडे गेला. दुर्बिणीचा शोध अद्याप लागावयाचा होता. तरीही टायकोने नुसत्या डोळ्यांनी व मोठमोठ्या यंत्रांच्या साह्याने वर्षानुवर्षे ग्रहांचे वेध घेऊन ते टिपून ठेवले होते. 1601 साली टायको निवर्तला आणि तो अमोल ठेवा केप्लरच्या हाती आला. मंगळाची कक्षा ठरविणे हे काम त्याने अंगावर घेतले.

ग्रहांची गती वर्तुळांतूनच घडते, अशी त्या काळी सर्वांची श्रद्धा होती. ग्रीक आचार्यांपासून 1543 साली सूर्यकेंद्री सिद्धांत मांडणाऱ्या कोपर्निकसपर्यंत कोणीही तिला धक्का लावला नव्हता. केप्लरनेही ती गृहीत धरूनच गणित आरंभिले. एकच किचकट आकडेमोड त्याने सुमारे 70 वेळा केली. अखेर निवडक वेधांशी त्याचे गणित 2 कलांच्या आत जुळले. दुसरा कोणी असता तर लेखणी खाली ठेवून स्वस्थ झाला असता!

परंतु केप्लरने ते गणित उरलेल्या वेधांशी ताडून पाहिले, आणि तेथे 8 कलांपर्यंत फरक पडू लागला. एका अंशाच्या 60 कला होतात. पूर्ण चंद्राच्या बिंबाचा व्यास सुमारे 31 कला. म्हणजे हा फरक चंद्रबिंबाच्या जेमतेम पाव भागाएवढा. एवढ्याशा फरकासाठी अनेक वर्षांचे परिश्रम का बरे टाकावेत? वेधच चुकला असेल असे म्हणून सुटका करून घेणे किती सोपे होते! पण टायकोच्या वेधांत एवढी मोठी चूक असणे शक्य नाही, हे केप्लर जाणून होता. म्हणून त्याने वेधांना बोल लावला नाही. स्वतःच्या गृहीतकालाच दोषी ठरविले आणि वर्तुळाचा त्याग केला.

पुढची वाटही सरळ नव्हती. अंडाकृती कक्षा कल्पून तो पुन्हा चुकला, पुन्हा मागे फिरला. शेवटी मंगळाची कक्षा दीर्घवर्तुळाकार असून सूर्य तिच्या एका नाभीत आहे, हे सत्य त्याला गवसले. ते दीर्घवर्तुळ तरी किती थोडे लांबट! त्याचा लहान अक्ष मोठ्या अक्षाहून अर्ध्या टक्क्यानेही कमी नाही. कागदावर काढले तर डोळ्यांना ते वर्तुळच वाटेल. 1609 साली त्याने हे सर्व ग्रंथरूपाने प्रसिद्ध केले आणि आपल्या फसलेल्या वाटाही त्यात विस्ताराने नमूद केल्या. पुढे 1687 साली न्यूटनने गुरुत्वाकर्षणाचा जो सिद्धांत मांडला, त्याला केप्लरच्या नियमांचा मोठाच आधार लाभला.

या कथेतून आपण काय घ्यावे? चुकीतून शहाणपण आपोआप येते, हा समज खरा नाही. तसे असते तर वारंवार चुकणारा मनुष्य सर्वांत ज्ञानी ठरला असता. चूक शिकविते ती तीन अटींवर. पहिली, आपल्याजवळ टायकोच्या वेधांसारखे विश्वासार्ह माप हवे. त्यावाचून चूक ओळखताच येत नाही. दुसरी, माप आणि मत यांत विरोध आला तर मत सोडण्याचे धैर्य हवे. तिसरी, चूक कोठे झाली हे शोधण्याइतकी चिकाटी हवी.

गणिताचे उत्तर चुकले की आपण काय करतो? पुष्कळदा रबराने सारे पुसून शेजाऱ्याच्या वहीतील उत्तर उतरवितो. त्याने पान स्वच्छ होते. बुद्धी मात्र होती तेथेच राहते. त्याऐवजी चुकलेली पायरी तशीच ठेवून तिच्या बाजूला कारण लिहिले, तर तीच वही आपली गुरू होईल. मित्राशी बेबनाव झाला, वचन मोडले, एखाद्याविषयी गैरसमज करून घेतला, तरी रीत हीच. दोष आधी दुसऱ्याच्या वेधात न शोधता आपल्या गृहीतकात शोधावा.

आपल्याही आयुष्यात अशा आठ कला वेळोवेळी समोर येतील. त्या लहान आहेत म्हणून दुर्लक्षू नयेत. थोडे थांबून, प्रामाणिकपणे पुन्हा मोजून पाहावे; पुढील मार्ग तेथूनच सापडण्याचा संभव असतो.