एकरी भाडं एकवीस हजार : पावगड्याचं गणित

सोलर म्हटलं की आपण लगेच सेल, इन्व्हर्टर, एफिशियन्सी यावर येतो. पॅनेल ज्या जमिनीवर उभं राहतं तिचा विषय सिलॅबसमध्ये नाही, म्हणून व्हायव्हातही कुणी विचारत नाही. आज तोच घेऊ.

कर्नाटकात तुमकूर जिल्ह्यात पावगडा तालुका आहे. कायम दुष्काळी, भुईमुगाचा मुलूख. तिथे पाच गावांच्या मिळून सुमारे १३,००० एकर जमिनीवर २,०५० मेगावॅटचा सोलर पार्क आहे. २०१८ मध्ये त्याचं उद्घाटन झालं आणि २०१९ अखेर तो पूर्ण क्षमतेला पोचला. गंमत म्हणजे जमीन विकत घेतलेलीच नाही! सरकारी कंपनीने ती सुमारे २,३०० शेतकऱ्यांकडून २८ वर्षांच्या भाडेपट्ट्याने घेतली, रस्ते आणि सबस्टेशनं बांधली आणि ब्लॉक पाडून वीज कंपन्यांना दिली. सुरुवातीचं भाडं एकरी वर्षाला २१,००० रुपये, दर दोन वर्षांनी ५ टक्के वाढ.

आता कॅल्क्युलेटर काढा. १३,००० भागिले २,०५०, म्हणजे मेगावॅटला साधारण ६.३ एकर. २० टक्के एफिशियन्सीचं पॅनेल धरलं तर १ मेगावॅटला नुसती काच ५,००० चौरस मीटर, म्हणजे सव्वा एकर लागते. मग बाकीची जमीन कुठे गेली? एका रांगेची सावली मागच्या रांगेवर पडू नये म्हणून सोडलेलं अंतर, रस्ते, इन्व्हर्टर, सबस्टेशन यांत. सावलीला कंजूषपणा चालत नाही. सिरीजमधले थोडे सेल झाकले तरी अख्ख्या स्ट्रिंगचं उत्पादन घसरतं.

भाड्याचा विजेच्या दरावर बोजा किती? कपॅसिटी फॅक्टर २० टक्के धरा. १ मेगावॅटपासून वर्षाला सुमारे १७.५ लाख युनिट मिळतात. भाडं १.३२ लाख. म्हणजे युनिटमागे साडेसात पैसे! वीज ३ रुपयांनी विकली असं मानलं तर अडीच टक्के. भाडं दुप्पट केलं तरी पंधराच पैसे होतात. माझ्या मते या व्यवहारात घासाघीस करायला जागा होती ती इथे.

शेतकऱ्याच्या बाजूने बघू. दोन वर्षांनी ५ टक्के म्हणजे वर्षाला अडीच टक्केसुद्धा नाही. पंचविसाव्या वर्षी भाडं सुमारे ३७,७०० होईल. महागाई वर्षाला ५ टक्के धरली तर त्या रकमेची सुरुवातीच्या पैशांतली किंमत ११,७०० च्या आसपास. निम्म्याला थोडी वर.

आपल्याकडे मुख्यमंत्री सौर कृषी वाहिनी योजना २.० मध्ये (२०२३) दर बराच चांगला आहे. हेक्टरी किमान १.२५ लाख, म्हणजे एकरी पन्नास हजार. पण वाढ ३ टक्के, आणि तीही मूळ दरावर, सरळव्याजासारखी. पंचविसाव्या वर्षी २.१५ लाख. तेच महागाईचं गणित लावलं तर ६६,७००. इथेही निम्म्याला थोडी वर! आकडा मोठा दिसला की वाढीचं कलम कुणी वाचत नाही.

अर्थात कोरडवाहू भुईमुगात पाऊस चुकला की बियाण्याचाही खर्च निघत नाही, तेव्हा ठरलेलं भाडं ही लहान गोष्ट नाही. शिवाय सातबारा आपल्याच नावावर राहतो. पण ज्याच्या नावावर जमीनच नाही त्याचं काय? निंदणी, काढणी करणाऱ्या मजुराला भाड्यातला एक पैसा मिळत नाही. पार्कमध्ये गवत काढणं, पॅनेल धुणं, राखण अशी कामं असतात, पण एवढ्या एकरांच्या मानाने माणसं थोडी लागतात. मेंढ्या चारणाऱ्यांपुढे तर कुंपणच उभं राहतं.

आणि पट्टा संपल्यावर? बांध मोडून सपाट केलेल्या जमिनीत कुणाचा तुकडा कुठे होता ते मोजणी करूनच ठरवावं लागेल. खांबांचे पाये कोण काढणार, कुणाच्या खर्चाने, हे करारात लिहिलेलं हवं. तुमच्यापैकी कुणाच्या घरी असा कागद सहीला आला असेल, तर सुट्टीत गेल्यावर आधी हे कलम शोधा, आणि मग भाडेवाढीचं.