नोकरी देताना आणि घेताना

भोसरी-चाकण पट्ट्यातल्या कारखान्यांसाठी माणसं निवडणं हे माझं काम. आयटीआय किंवा डिप्लोमा झालेली, बीड-लातूर-यवतमाळकडून आलेली मुलं समोर बसतात. निवडीच्या वेळी लपवाछपवी कोणीही केली तरी शेवटी भोगतो तो मुलगाच, हे मी पुन्हा पुन्हा पाहिलं आहे. म्हणून हे दोन्ही बाजूंसाठी लिहितो आहे.

१. पगार सांगताना हातात पडणारा आकडा सांगा. 'वर्षाला तीन लाखांचं पॅकेज' ऐकलं की मुलगा गावी फोन लावतो : महिना पंचवीस हजार! प्रत्यक्षात मूळ वेतन १५,००० धरलं, तर कंपनीच्या वाट्याचा पीएफ १,८०० आणि ग्रॅच्युइटीची तरतूद सुमारे ७२० रुपये त्याच पॅकेजमध्ये मोजलेली असते. त्यातून त्याच्या स्वतःच्या पीएफचे १,८०० आणि व्यवसाय कराचे २०० गेले की साधारण साडेवीस हजार उरतात. (महाराष्ट्रात महिलांना २५ हजारांपर्यंतच्या पगारावर व्यवसाय कर नाही.) यात बेकायदा काही नाही. पण खोलीचं भाडं आणि घरी पाठवायचे पैसे त्याने पंचवीस हजार धरून ठरवलेले असतात. हा हिशेब कागदावर मांडून दाखवायला पाच मिनिटं लागतात. उमेदवारानेही तो मागायला लाजू नये.

२. शिकाऊ उमेदवाराला 'पुढे कायम करू' असं तोंडी सांगू नका. १९६१च्या शिकाऊ उमेदवारी कायद्यानुसार शिकाऊ उमेदवार हा कामगार नसतो. करारात तसं लिहिलेलं नसेल तर मुदत संपल्यावर त्याला नोकरी देण्याचं बंधन मालकावर नाही. जागा निघणार नसेल तर पहिल्याच दिवशी तसं सांगावं. काही जण उठून जातात. जे थांबतात ते समजून-उमजून थांबतात, आणि माझा अनुभव असा की तेच मन लावून काम शिकतात.

३. नकार द्या, आणि कारणासह द्या. रात्रभर एसटीने प्रवास करून आलेल्या मुलाला 'नंतर कळवतो' म्हणायचं आणि मग त्याचा फोनही उचलायचा नाही, ही आपल्याकडची सर्रास पद्धत. मला ती क्रूर वाटते. लातूरकडच्या एका मुलाला मायक्रोमीटर वाचता येत नव्हता, ड्रॉइंगवरचा टॉलरन्सही कळत नव्हता. त्याला म्हटलं, "आज तुला घेत नाही. या दोन गोष्टी पक्क्या कर आणि पुन्हा ये." त्याचा चेहरा पडला, पण काय करायचं ते त्याला कळलं. पुढच्या भरतीला तो आला तेव्हा मी विचारण्याआधीच त्याने टेबलावरचा मायक्रोमीटर उचलला. त्या वेळी तो निवडला गेला.

४. ओळखीने आलेल्या उमेदवाराचीही तीच चाचणी घ्या. शॉप फ्लोअरवर कोण कसा लागला हे आठवड्याभरात सगळ्यांना कळतं.

५. उमेदवारांनो, अनुभव फुगवू नका. पीएफच्या पासबुकात कंपनीचं नाव आणि महिन्यागणिक भरणा दिसतो, खोटी तारीख तिथेच उघडी पडते. वडिलांच्या आजारपणात वर्षभर गावी राहावं लागलं असेल तर तसं सांगा. निदान मी तरी त्यासाठी कोणाला नाकारलेलं नाही.

६. तुमच्या पुढच्या वाटचालीची काळजी कंपनी करेल या भरवशावर राहू नका. सीएनसी मशीनवर पार्ट लावायचा, बटण दाबायचं, पार्ट काढायचा, एवढंच वर्षानुवर्षं करणारे ऑपरेटर मला भेटतात. मेहनती असतात, पण त्याच मशीनचं सेटिंग सांगितलं की अडतात. सुपरवायझरला शिफ्टचं उत्पादन काढायचं असतं, तुम्हाला शिकवणं त्याच्या कामात धरलेलं नसतं. तेव्हा तुम्हीच मागा. सेटर टूल बदलतो, ऑफसेट देतो, तेव्हा शेजारी उभं राहण्याची परवानगी घ्या. प्रोग्राममधली प्रत्येक ओळ काय करते ते विचारा, वहीत लिहा. ऑपरेटरचा सेटर आणि सेटरचा प्रोग्रामर होण्याचा रस्ता याच वहीतून जातो. जमेल तेव्हा छत्रपती संभाजीनगरच्या इंडो-जर्मन टूल रूमसारख्या ठिकाणचा अल्प मुदतीचा कोर्स करा. नोकरी बदलताना दोन हजार जास्त मिळतात का, हे पाहण्याआधी तिथे कोणतं मशीन हाताळायला मिळेल ते विचारा.

७. कागद स्वतःजवळ ठेवा : नियुक्तिपत्र, पगाराच्या स्लिपा, नोकरी सोडल्याचं पत्र. जुन्या कंपनीने पीएफ खात्यात नोकरी सोडल्याची तारीख भरली नसेल तर त्यांच्या दारात खेटे घालू नका. शेवटच्या भरण्यानंतर दोन महिन्यांनी ती तारीख तुम्हाला स्वतःच पीएफच्या पोर्टलवर नोंदवता येते. आज घरी गेल्यावर ते खातं उघडा आणि तुमच्या तारखा बरोबर आहेत का, एकदा पाहून घ्या.